आधी एक बटण चालू द्या, कारखाना नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत वेब फ्रंटएंड (म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा भाग) शिकायला सुरुवात कुठून करायची यावर जो लेख आला तो मी दोनदा वाचला, एकदा उत्साहाने आणि दुसऱ्यांदा कपाळाला हात लावून. लेखकाला विषय चांगला कळतो यात वादच नाही, पण नवख्या माणसाला त्यांनी पहिल्याच पायरीवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) टाका, मग एनपीएम (तयार कोडची पॅकेजेस आणून देणारं), मग बंडलर (फाइल्सचं गाठोडं बांधणारं), मग टाइपस्क्रिप्ट (डेटाचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट), मग लिंटर (कोडातल्या चुका दाखवणारं) असं इतकं सामान उचलायला लावलंय की तो बिचारा पायरी चढायच्या आधीच खाली बसणार, आणि वर स्वतःलाच दोष देणार की मला हे जमत नाही म्हणून.

मी हे अंगावर आलेल्या अनुभवावरून लिहितोय. माझं रोजचं काम डेटाबेसचं, म्हणजे पडद्यामागचं, स्क्रीनवर काय दिसतं त्याच्याशी माझा फारसा संबंध येत नाही. दोनेक वर्षांपूर्वी वाटलं की आपणही स्वतःचं एखादं छोटं वेबपेज करावं, म्हणून एक ऑनलाइन क्लास लावला (नाव घेत नाही, शिकवणारा मुलगा भला होता). पहिले तीन रविवार नुसत्या इन्स्टॉलेशनमध्ये गेले. कोणाची आवृत्ती जुळेना, कोणाला परमिशनची एरर, कोणाच्या मशीनवर सगळं नीट चाललं पण का चाललं ते त्यालाही माहीत नाही. चौथ्या रविवारी स्क्रीनवर एक फिरणारा लोगो दिसला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तो लोगो आमच्यातल्या कोणीच लिहिलेला नव्हता हो! फोल्डर उघडून बघितलं तर आत हजारावर पॅकेजेस, आणि त्यातली एकही ओळ माझी नाही.

तो क्लास मी सोडला, आणि नंतर जे शिकलो ते एका फाइलवर शिकलो. एक एचटीएमएल फाइल, तिच्या शेजारी एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्याला वापरता येणारा कोड), एक साधा एडिटर आणि ब्राउझर. बस. मला एवढंच म्हणायचंय की नवख्या माणसाने सुरुवात अशी करावी, हलक्या लायब्ररीने, आणि ती अवजड साधनं गरज पडली की मग घ्यावीत. तुमच्या लेखात या रस्त्याचा एका वाक्यानेही उल्लेख नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण सांभाळून घ्या.

मी निवडली ती मिथ्रिल. लिओ होरी नावाच्या प्रोग्रॅमरने ती 2014 साली आणली, आणि हे नाव एका काल्पनिक धातूचं आहे, वजनाला हलका पण भलताच चिवट असा. पूर्ण लायब्ररी दाबून जिझिप केली (नेटवरून पाठवायला आकसवली) की 10 केबीच्या आसपास बसते आणि त्यातच पानं बदलायचं राउटिंग आणि सर्व्हरकडून डेटा आणायची सोय दोन्ही येतात. रिॲक्ट या बड्या लायब्ररीचं तेच गणित त्याच्या डॉमवाल्या (म्हणजे ब्राउझरमधल्या पानाचे घटक सांभाळणाऱ्या) भागासकट 40 केबीच्या पुढे जातं आणि त्यात राउटिंग नाही, ते वेगळं जोडायचं. आता कोणी म्हणेल की 30 केबीने काय फरक पडतो, एका फोटोचं वजन याच्या कितीतरी पट असतं. खरंय, पण फोटो नुसता उतरवून दाखवायचा असतो, जावास्क्रिप्ट उतरवल्यावर ब्राउझरला ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते आणि चालवावी लागते, आणि साध्या फोनवर हा वेळ चांगलाच जाणवतो. पण खरं सांगू का, मला केबीशी तितकं देणंघेणं नाही. हलकी म्हणजे डोक्याला हलकी. रोज लागणाऱ्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि सगळं डॉक्युमेंटेशन दोन-तीन संध्याकाळी वाचून संपतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मिथ्रिलच घ्या असा माझा हट्ट नाही. जेसन मिलरची प्रीॲक्ट आहे, साधारण 3 केबीची, लिहायची पद्धत जवळजवळ रिॲक्टसारखीच. केलेब पोर्झिओची अल्पाइन आहे, त्यात तर तुमच्या कोडची वेगळी फाइलसुद्धा लागत नाही, एचटीएमएलच्या टॅगमध्येच एक्स-डेटा, एक्स-शो असले गुणधर्म लिहायचे की झालं. ज्याचं पान आधीच तयार आहे आणि फक्त एखादा मेनू उघड-मीट करायचाय त्याने डोळे झाकून अल्पाइन घ्यावी. स्वेल्टचंही नाव लोक यात घेतात, पण तिला आधी कंपाइल करावं लागतं (ब्राउझरला चालेल अशा कोडात बदलावं लागतं), म्हणजे परत इन्स्टॉलेशन आलंच.

तर सुरुवात. एक फोल्डर करा, त्यात मिथ्रिलची एकच फाइल उतरवून ठेवा. लेखांमध्ये सहसा सीडीएनची (नेटवरून तयार फाइल पुरवणाऱ्या सर्व्हरची) लिंक देतात, तीही चालते, पण लिंकमध्ये आवृत्तीचा आकडा नसेल तर आज एक फाइल येईल आणि वर्षाने दुसरीच, त्यापेक्षा स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली बरी, नेट नसलं तरी चालते. मग एचटीएमएलची फाइल. तिच्यात वरती कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 आहे हे सांगणारा मेटा टॅग टाकायला विसरू नका, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात आणि तुम्ही उगाच लायब्ररीला शिव्या घालत बसाल. बॉडीमध्ये एक रिकामा डिव्ह (पानावरची मोकळी जागा), त्याला एक आयडी, आणि त्याच्या खाली, हो खालीच, दोन स्क्रिप्ट टॅग, पहिला मिथ्रिलचा, दुसरा तुमचा. स्क्रिप्ट वर हेडमध्ये नुसती टाकली तर ती चालते तेव्हा खालचा डिव्ह अजून तयारच झालेला नसतो आणि कन्सोलवर (ब्राउझरच्या एरर दाखवणाऱ्या खिडकीत) असा घटक अस्तित्वातच नाही म्हणून लाल ओळ येते. माझी पहिली एरर हीच.

अजून एक, फाइलवर डबल क्लिक करून उघडणार असाल तर स्क्रिप्ट टॅगमध्ये टाइप मॉड्यूल लिहू नका. नव्या लेखांमध्ये सगळीकडे ते असतं आणि ते चांगलंही आहे, पण डिस्कवरून थेट उघडलेल्या पानात ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने दुसऱ्या फाइलमधलं मॉड्यूल लोड करू देत नाही, त्यासाठी छोटासा लोकल सर्व्हर चालवावा लागतो. साधा स्क्रिप्ट टॅग डबल क्लिकवर मुकाट चालतो. ही एवढीशी गोष्ट मला कोणी सांगितली असती तर माझा एक अख्खा शनिवार वाचला असता.

मिथ्रिलमध्ये सगळा खेळ एका अक्षराच्या फंक्शनवर आहे, एम. त्याला पहिल्यांदा सांगायचं कुठला टॅग, मग त्याचे गुणधर्म, मग त्याच्या पोटात काय. म्हणजे एम ला सांगितलं की बटण दे, त्यावर क्लिक झालं की अमुक फंक्शन चालव आणि आत हे शब्द लिही, की तो त्या बटणाचं वर्णन करणारा एक साधा ऑब्जेक्ट परत देतो. लक्षात घ्या, बटण देत नाही, बटणाचं वर्णन देतो. यालाच मोठी माणसं व्हर्च्युअल डॉम म्हणतात आणि नवख्याला घाबरवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, घर बांधायच्या आधीचा नकाशा असतो तसा हा नकाशा.

कंपोनंट म्हणजे काय, तर ज्याच्यात व्ह्यू नावाचं फंक्शन आहे असा एक ऑब्जेक्ट. व्ह्यू दरवेळी अख्खा नकाशा नव्याने काढून देतं. डेटा बदलला की मिथ्रिल परत व्ह्यूला बोलावते, नवा नकाशा आणि जुना नकाशा शेजारी ठेवून बघते आणि जिथे फरक आहे तेवढीच वीट स्क्रीनवर बदलते. त्यामुळे तुम्ही जेक्वेरी या जुन्या लायब्ररीच्या काळासारखं, म्हणजे 2006 नंतर आपण सगळेच जसं करत आलो तसं, हा घटक शोध, त्याचा मजकूर बदल, तो दुसरा लपव, असं हाताने करायचं नाही. तुम्ही फक्त व्हेरिएबल बदलायचं, आणि आत्ता डेटा असा आहे तर स्क्रीन कशी दिसेल एवढंच लिहून ठेवायचं. डेटाबेसवाल्या माणसाला हे फार पटतं, व्ह्यू हा शब्दसुद्धा आमच्याकडे जवळपास त्याच अर्थाने आहे, टेबल बदललं की व्ह्यू आपोआप बदललेला दिसतो.

आता पहिला खड्डा. मिथ्रिलमध्ये स्क्रीनवर काही दाखवायच्या दोन वाटा आहेत, एम डॉट रेंडर आणि एम डॉट माउंट. पहिल्याच धड्यात रेंडर शिकवतात कारण ते एका ओळीत नमस्कार छापून दाखवतं. मी त्याच रेंडरने बटण दाखवलं, क्लिकवर आकडा एकने वाढवायचं फंक्शन लिहिलं, आणि क्लिक करत बसलो. आकडा शून्याचा शून्य. कन्सोलमध्ये बघितलं तर व्हेरिएबल व्यवस्थित वाढतंय, सात, आठ, नऊ, पण स्क्रीन ढिम्म. कारण असं की रेंडर तुमचा नकाशा एकदाच काढून मोकळं होतं, पुढे काय होतं त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. माउंटला मात्र तुम्ही कंपोनंट देता आणि ते त्याच्यावर लक्ष ठेवून बसतं, तुमचं क्लिकचं फंक्शन संपलं की स्वतःहून परत चित्र काढतं. आणि माउंटला कंपोनंटच द्यायचा, एम मधून काढलेला नकाशा दिला तर ते स्पष्ट शब्दांत एरर देतं. ती एरर शेवटपर्यंत वाचावी, तिच्यातच उत्तर असतं, आपण मात्र लाल रंग बघूनच घाबरतो.

दुसरा खड्डा कंसाचा. क्लिकच्या जागी फंक्शनचं नाव द्यायचं, नावापुढे कंस टाकायचा नाही. कंस टाकला की ते फंक्शन क्लिकची वाटच बघत नाही, चित्र काढताना तिथल्या तिथे चालतं आणि प्रत्यक्ष क्लिकला काहीच उरत नाही. हे अशा बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये होतं आणि मी अजूनही महिन्यातून एकदा करतो.

आकडा वाढवणारं बटण झालं की तिथे थांबू नका कारण त्यातून काही कळत नाही, एखादी खरी गरज घ्या. मी घेतली ती उसन्या दिलेल्या पुस्तकांची यादी. कोणाला कुठलं पुस्तक दिलं, ते परत आलं का. वरती दोन चौकटी, एक बटण, खाली यादी, प्रत्येक ओळीपुढे परत आलं असं एक बटण आणि शेरा लिहायला छोटी चौकट. डेटा म्हणजे एक ॲरे (क्रमाने लावलेली यादी), तिच्यात प्रत्येक पुस्तकाचा एक ऑब्जेक्ट. व्ह्यूमध्ये ॲरेवर मॅप चालवायचा आणि प्रत्येक पुस्तकासाठी एक ओळ काढायची. बटण दाबलं की ॲरेत एक वाढव, परत आलं की ॲरेतून एक काढ. चाळीस-पन्नास ओळींत संपतं, आणि त्यातली प्रत्येक ओळ तुमची असते.

यात मजा अशी झाली की मी चौकटी फॉर्ममध्ये ठेवल्या, नाव लिहून एंटर मारला आणि यादी गायब! परत लिहिलं, परत गायब. फॉर्म सबमिट झाला की ब्राउझर जन्मापासूनची सवय म्हणून पान नव्याने लोड करतो, आणि पान नव्याने आलं की आपली ॲरे परत रिकामी. सबमिटच्या फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीत प्रिव्हेंट डिफॉल्ट (म्हणजे नेहमीची सवय थांबव) म्हणायचं. हे लायब्ररीचं नाही, ब्राउझरचं ज्ञान आहे, आणि हलक्या लायब्ररीचा मला झालेला मोठा फायदा हाच की ती ब्राउझरला तुमच्यापासून लपवत नाही. अवजड साचा वापरला असता तर मला हे कदाचित कळलंच नसतं, कोणीतरी आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं.

आता जे सांगतोय ते नीट वाचा कारण यावर मी सगळ्यात जास्त डोकं फोडलंय. यादीत चार पुस्तकं आहेत, पहिल्याच्या शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिलं की पानं फाटलीत. मग पहिलं पुस्तक परत आलं म्हणून काढलं. नाव बरोबर गेलं, दुसरं पुस्तक वर सरकलं, पण फाटलेल्या पानांचा शेरा आता त्या दुसऱ्या पुस्तकापुढे! झालं असं की मिथ्रिलला ओळींची ओळख नसते, तिला फक्त पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम दिसतो. आधी चार ओळी होत्या, आता तीन, म्हणजे तिच्या हिशोबाने पहिल्या तीन ओळींमधली नावं बदलायची आणि शेवटची ओळ काढून टाकायची, सगळ्यात कमी कष्ट. शेऱ्याची चौकट माझ्या डेटाला बांधलेली नव्हती त्यामुळे ती जागच्या जागी राहिली. यावर उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला ‘की’ (key) द्यायची, तिची कायमची ओळख. आणि की म्हणून ॲरेतला क्रमांक देऊ नका, बरेच जण देतात, तो तर क्रमच झाला, रोग तोच राहतो. आम्हा डेटाबेसवाल्यांना प्रायमरी की (टेबलातल्या प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) म्हणजे काय हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं आणि तरीही मी इथे फसलो, कारण की हा शब्द बघून ते तेच आहे हे डोक्यात आलंच नाही. एक अजून, एका यादीत की द्यायची तर सगळ्या ओळींना द्या, काहींना आहे काहींना नाही असं केलं तर मिथ्रिल सरळ एरर देते.

मी की साठी एकपासून वाढत जाणारा आकडा ठेवला होता. नंतर यादी लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) साठवायला लागलो, तेव्हा पान उघडलं की जुनी पुस्तकं जुन्या आकड्यांसकट यायची पण मोजणी परत एकपासून सुरू, म्हणजे दोन पुस्तकांना एकच ओळख. आता आकड्याऐवजी वेळ घेतो, 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद जे जावास्क्रिप्ट सहज देते. हाताने भरायच्या यादीला ते पुरतं. लोकल स्टोरेजबद्दल बाकी फार सांगण्यासारखं नाही, त्यात फक्त मजकूर राहतो म्हणून ॲरे जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) करून ठेवायची, आणि पहिल्या वेळी आत काहीच नसतं तेव्हा नल (म्हणजे काहीच नाही) मिळतं त्याची सोय करायची, नाहीतर नलवर मॅप चालवल्याची एरर येते. आणि हो, तो डेटा त्या एका ब्राउझरपुरताच, दुसऱ्या मशीनवर दिसत नाही.

तिसरा आणि शेवटचा मोठा खड्डा वेळेचा. मी वर म्हटलं की माउंट स्वतःहून परत चित्र काढतं, पण ते कधी, तर तुमचं क्लिकसारखं फंक्शन संपल्यावर, किंवा मिथ्रिलच्याच एम डॉट रिक्वेस्टने सर्व्हरवरून डेटा आल्यावर, किंवा पान बदलल्यावर. तुम्ही सेट टाइमआउट (म्हणजे टाइमर) लावलं किंवा ब्राउझरचं स्वतःचं, डेटा आणणारं फेच वापरलं तर तिला पत्ताही लागत नाही. मी पुस्तक नोंदलं असा संदेश तीन सेकंदांनी जावा म्हणून टाइमर लावला. संदेश जाईचना. माउसने दुसरीकडे कुठलंही बटण दाबलं की पटकन जायचा! मला वाटलं ब्राउझर बिघडला, संध्याकाळभर टाइमरचे सेकंद बदलून बघितले, तीनचे पाच केले, पाचचे एक केले. उत्तर होतं टाइमरच्या फंक्शनमध्ये शेवटी एम डॉट रीड्रॉ अशी एक ओळ. व्हेरिएबल बदलतंय पण स्क्रीन नाही, आणि दुसरं काही केल्यावर अचानक बदलते, ही लक्षणं दिसली की समजायचं की कोणीतरी लायब्ररीला न सांगता डेटा बदललाय.

आता त्या लेखाच्या बाजूनेही दोन शब्द, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस मोठ्या साधनांवर खार खाऊन आहे. दहा जणांची टीम, शेकडो स्क्रीन, वर्षानुवर्षं चालणारं काम असेल तर टाइपस्क्रिप्ट पाहिजे, बंडलर पाहिजे, आणि नोकरी शोधायची असेल तर रिॲक्ट यायलाच हवं, मिथ्रिलवाल्यांना फार जाहिराती दिसत नाहीत हे खरंय. तयार मिळणारे घटक, म्हणजे कॅलेंडर, तक्ते वगैरे, तेही रिॲक्टकडे जास्त. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. व्ह्यू, डेटा, की, परत चित्र काढणं हे चार प्रकार एका फाइलवर हाताला लागले की नंतर रिॲक्ट शिकताना मला आठवडासुद्धा लागला नाही, कारण नावं वेगळी पण गोष्टी त्याच.

उलट जे लोक साधनांपासून सुरुवात करतात त्यांचं काय होतं बघा. क्लासमध्ये आम्हाला तीन रविवार जे शिकवलं ते होतं क्रिएट रिॲक्ट ॲप, रिॲक्टचं नवं काम उभं करून देणारं साधन, 2016 साली आलेलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रिॲक्टच्याच टीमने जाहीर केलं की नव्या कामासाठी आता हे वापरू नका. म्हणजे आमचे ते तीन रविवार असेच वाहून गेले. रिॲक्टला साध्या स्क्रिप्ट टॅगने जोडता येईल अशी फाइल पूर्वी मिळायची, 2024 च्या शेवटी आलेल्या 19व्या आवृत्तीपासून तीही बंद झाली. आणि हजार पॅकेजेस घेतली की त्यांच्या हजार मालकांवर तुमचं पान अवलंबून, मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि मोठमोठ्या प्रोजेक्ट्सचे बिल्ड (कोड जोडून वापरायला तयार करायचं काम) धडाधड पडले. अकरा ओळी, त्याही कशाच्या तर मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरायच्या.

हलक्या लायब्ररीतही आवृत्त्यांचा घोळ आहेच, ते लपवत नाही. मिथ्रिल शिकवणारा जुना लेख हाती लागला आणि त्यात कंट्रोलर हा शब्द दिसला तर तो लगेच बाजूला ठेवा, तो पहिल्या आवृत्तीच्याही आधीचा आहे. दुव्यासाठी ऑनक्रिएटमध्ये एम डॉट राउट डॉट लिंक लिहिलेलं दिसलं तर ते पहिल्या आवृत्तीचं, दुसऱ्या आवृत्तीत लिंक हा कंपोनंट झालाय, त्याचा एल सुद्धा कॅपिटल झालाय. हल्ली एआयला विचारलं तर ते तिन्ही काळांची भेळ करून अगदी आत्मविश्वासाने देतं आणि नवख्याला कळत नाही की चुकतंय कुठे.

एक गंमत सांगायची राहिली, मराठी वाचकांच्या कामाची. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं! मी पहिल्या फाइलमध्ये ॲरेचं नाव पुस्तके आणि फंक्शनचं नाव परत_आलं असं ठेवलं होतं, सगळं बिनतक्रार चाललं, आणि शिकताना त्याचा फायदा असा की कुठला शब्द भाषेचा आणि कुठला आपला हे नजरेलाच कळतं. देवनागरी आकडे मात्र कोडमध्ये आकडे म्हणून चालत नाहीत, आणि कोणी चौकटीत १२ असं मराठीत टाइप केलं तर पार्सइंट त्याचं उत्तर एनएएन देतं, म्हणजे हा आकडाच नाही म्हणतं. दाखवताना मात्र उलटं, टू लोकेल स्ट्रिंगला मराठीचा एमआर हा कोड दिला की तोच आकडा देवनागरीत छापून येतो. असल्या गोष्टी कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत आणि त्या तुमच्या पुरवणीत याव्यात असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा लायब्ररीची आवृत्ती आणि कोड कधी तपासून बघितला ती तारीख सोबत छापा. आणि कोड छापताना अवतरण चिन्हं सरळ ठेवा हो. तुमच्या मागच्या लेखातल्या चारही उदाहरणांमध्ये ती छपाईची वाकडी, शोभेची चिन्हं आलीयेत, जावास्क्रिप्टला ती अजिबात कळत नाहीत. तुमच्या वेबसाइटवरून मी ते जसंच्या तसं कॉपी करून बघितलं, पहिल्याच ओळीला अनपेक्षित चिन्ह म्हणून एरर आली.

आपला,
एक नियमित वाचक